पडद्यावरची देवनागरी: नावापेक्षा उंची महत्त्वाची

छत्तीसगडातल्या भिलाईच्या पावर हाउस स्थानकावरची पाटी रेल्वेच्या रिवाजाप्रमाणे पिवळ्यावर काळी आहे. पाटीवरचे अक्षर कोणत्या वळणाचे आहे हे मुंबई-हावडा मार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाला कधी सांगता येणार नाही, पण स्थानकाचे नाव चुकत नाही. अक्षर मोठे आहे, रंग एकमेकांपासून उठून दिसतात आणि नावाभोवती मोकळी जागा आहे. तेवढ्यावर काम भागते.

स्थानकाबाहेरच्या बाजारात याच लिपीची दुसरी तऱ्हा भेटते. झेरॉक्स काढून देणाऱ्या आणि ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानांत हिंदी मजकूर अजूनही मोठ्या प्रमाणावर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टंकित होतो. सरकारी संकेतस्थळे युनिकोडमध्ये उघडतात, लग्नपत्रिका सजावटीच्या फॉन्टमध्ये जुळवल्या जातात. भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या नोकरीसाठी विदर्भातून येऊन इथे स्थायिक झालेल्या मराठी घरांत संध्याकाळी लॅपटॉपवर नागपूरचा किंवा पुण्याचा ई-पेपर उघडतो. अक्षर एकच, रूपे चार, आणि प्रत्येक ठिकाणी डोळ्यांना पडणारा ताण वेगळा.

‘संगणकावर मराठी वाचायला कोणता फॉन्ट चांगला?’ हा प्रश्न म्हणूनच वरचेवर विचारला जातो. त्यावर संशोधन भरपूर झाले आहे, पण त्यातले बहुतेक रोमन लिपीवर. आपण वाचतो ती लिपी निराळ्या बांधणीची. या लेखात ते संशोधन काय सांगते, देवनागरीला ते कुठवर लागू पडते आणि वाचकाने कोणती गोष्ट आधी करावी, याचा आढावा घेतला आहे. निष्कर्ष आधीच सांगून ठेवतो. फॉन्टच्या नावावरचा वाद दुय्यम आहे. डोळ्यापर्यंत पोचणारी अक्षराची खरी उंची पहिली, ओळींमधली मोकळी जागा दुसरी, आणि फॉन्टचे नाव तिसरे.

बारा म्हणजे किती?

छापखान्यातून आलेले पॉइंट हे माप संगणकाने इंचाचा ७२वा भाग असे पक्के केले. त्या हिशेबाने बारा पॉइंट म्हणजे ४.२३ मिलिमीटर. वेबपानांचे माप पिक्सेलमध्ये मोजतात आणि तिथे एका इंचात ९६ पिक्सेल धरले जातात, म्हणून बारा पॉइंट बरोबर सोळा पिक्सेल. बहुतेक ब्राउझरांनी मजकुराचा मूळ आकार सोळा पिक्सेल ठेवला तो याच गणितातून.

अडचण इथूनच सुरू होते. ४.२३ मिलिमीटर हे अक्षराचे माप नव्हे. खिळ्यांच्या काळात ते खिळ्याच्या अंगाचे माप होते. अक्षर त्या अंगावर कोरलेले आणि अंगापेक्षा लहान. आज खिळा उरला नाही, पण त्याची अदृश्य चौकट उरली. त्या चौकटीत अक्षर किती मोठे बसवायचे हे फॉन्ट घडवणारा ठरवतो. विंडोजबरोबर आलेले कोकिला किंवा अपराजिता हे फॉन्ट बारावर ठेवून शेजारी त्याच आकड्याचा मंगल किंवा निर्मला ठेवावा. आकडा सारखा असूनही कोकिला कितीतरी बारीक दिसतो. ‘बारा पॉइंटमध्ये टंकित करावे’ अशी सूचना फॉन्टचे नाव न सांगता देणे म्हणजे अर्धीच सूचना देणे.

दुसरी फसगत पडद्याची. ९६ पिक्सेलांचा इंच हा संगणकाचा मानलेला इंच आहे, पट्टीवरचा नव्हे. १५.६ इंची लॅपटॉपच्या पडद्यावर १३६६ गुणिले ७६८ ठिपके असतील तर खऱ्या इंचात सुमारे १०० ठिपके बसतात आणि हिशेब जवळपास जुळतो. त्याच मापाच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके आले की इंचात सुमारे १४१ बसतात. मोठेपणा शंभर टक्क्यांवर ठेवला तर बारा पॉइंटचे अक्षर प्रत्यक्षात आठ पॉइंटच्या आसपास येते. नवा, अधिक ‘स्पष्ट’ लॅपटॉप घेऊनही मजकूर बारीक का वाटतो, याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते. सेटिंगमध्ये मोठेपणा १२५ किंवा १५० टक्के केला की ते दूर होते.

तिसरी गोष्ट अंतराची. डोळ्याला मिलिमीटर कळत नाहीत, त्याला कोन कळतो. मिनेसोटा विद्यापीठातले गॉर्डन लेग यांनी वाचनाच्या या बाजूवर अनेक वर्षे काम केले. त्यांनी आणि अक्षररचनाकार चार्ल्स बिगेलो यांनी २०११ साली मांडलेला निष्कर्ष असा: रोमन लहान लिपीतल्या अक्षराच्या मुख्य अंगाची उंची डोळ्याशी ०.२ ते २ अंशांचा कोन करत असेल, तर वाचनाचा वेग जवळपास सारखा राहतो. ०.२ अंशाच्या खाली तो झपाट्याने कोसळतो. चाळीस सेंटिमीटरवर पुस्तक धरले तर ही किमान उंची १.४ मिलिमीटर येते. संगणकाचा पडदा मात्र बहुधा साठ सेंटिमीटरच्या आसपास असतो, तिथे तीच उंची २.१ मिलिमीटर हवी. सोळा पिक्सेलांच्या रोमन मजकुराचे मुख्य अंग साधारण आठ पिक्सेलांचे, म्हणजे २.१ मिलिमीटरचेच असते. ज्याला आपण ‘नेहमीचा आकार’ म्हणतो तो सुखाने वाचता येण्याच्या अगदी काठावर बसलेला आहे. डोळ्यांत थोडा दोष, खोलीत थोडा कमी उजेड किंवा खुर्ची थोडी मागे, यातले एकही पुरते काठ ओलांडायला.

वेग टिकणे आणि वाचन सुखाचे होणे यांतही फरक आहे. लुस रेलो आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली १०४ जणांना विकिपीडियावरचे उतारे वेगवेगळ्या आकारांत वाचायला दिले, त्यांच्या नजरेची हालचाल टिपली आणि समजले किती तेही विचारले. त्यांची शिफारस होती पडद्यावरच्या मजकुरासाठी अठरा पॉइंटची, म्हणजे ब्राउझरच्या नेहमीच्या आकाराच्या दीडपट. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसू लागते हे लक्षात घेतले, तर ही शिफारस अतिरेकी वाटत नाही.

तीन मजल्यांची लिपी

वरचे सगळे प्रयोग रोमन लिपीचे. देवनागरीत रचना बदलते. आपली ओळ तीन मजल्यांची असते: मधल्या मजल्यावर शिरोरेषेला टांगलेले अक्षर, वर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि रफार, खाली उकार, ऋकार आणि काही जोडाक्षरांचे लोंबते पाय. ‘कर्त्यांनी’ या एकाच शब्दात मधल्या मजल्यावर जोडाक्षर आहे आणि वर रफार, अनुस्वार, वेलांटी एकापाठोपाठ उभे आहेत. हे सगळे त्याच अदृश्य चौकटीत बसवायचे, म्हणून मधल्या अंगाच्या वाट्याला उंची कमी येते. शेजारी तेवढ्याच आकड्याचा इंग्रजी मजकूर असला की मराठी बारीक दिसते. कार्यालयांत इंग्रजीला बारा आणि मराठीला चौदा ठेवण्याची सवय पडली ती यामुळेच, आणि ती सवय योग्य आहे.

आता पिक्सेलांचा हिशेब मांडू. सोळा पिक्सेलांच्या चौकटीत मधल्या अंगाला आठ-नऊ पिक्सेल मिळाले असे धरले, तर एक शिरोरेषेत गेला. उरलेल्या सात-आठांत ‘झ’ची वळणे, ‘क्ष’ची गाठ, ‘द्ध’मधला खालचा ‘ध’ आणि ‘ह्य’ची शेपटी दाखवायची. रोमन ‘ओ’ला एक पोकळी पुरते, ‘ङ्क’ किंवा ‘ट्ठ’ यांना एकाखाली एक दोन आकृत्या हव्यात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला भेद तर शिरोरेषेतल्या एका बारीक खाचेचा. अक्षर लहान झाले की पहिल्यांदा मरते ती ही खाच. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ आणि अनुस्वाराचा ठिपका पाठोपाठ जातात.

मराठी वाचताना आपण सरसकट अक्षर-अक्षर लावत नाही. ओळखीचा शब्द एका नजरेत उचलतो. तरी लिपीची बांधणी वाचनाच्या गतीत डोकावतेच. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले, की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते पण नंतर उच्चारली जाते, या उलटापालटीची किंमत वाचकाला वेळेत मोजावी लागते. जिथे लिपीच मेंदूकडून थोडे जादा काम करून घेते, तिथे फॉन्टने त्यात भर घालू नये, एवढी अपेक्षा वाजवी ठरते. वेलांटीचा पंखा नेमका आपल्या अक्षरावर संपायला हवा, शेजारच्या अक्षरावर नव्हे. रफार कोणत्या अक्षरावर आहे याबद्दल शंका राहता कामा नये.

खिळ्यापासून पिक्सेलपर्यंत

मराठी अक्षराला छापील वाचनीयता मिळवून देण्याचे काम मुंबईत झाले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळे लहान आणि रेखीव केले. त्याच छापखान्यात उमेदवारी केलेल्या जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर सुरू केला आणि राणूजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांनी निर्णयसागरचे वळण देशभर नावाजले. मात्रा आणि जोडाक्षरे धरून एका वळणासाठी शेकडो खिळे लागत. जुळाऱ्याचे कष्ट वाढत, पण वाचकाला प्रत्येक जोडाक्षर घडवलेले मिळे, जुळवाजुळव केलेले नव्हे. या परंपरेचा तपशीलवार अभ्यास बापूराव नाईक यांनी केला; देवनागरीच्या अक्षररचनेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने १९७१ साली काढला.

संगणकाच्या पडद्याने हा वारसा काही काळ पुसून टाकला. १९८०च्या दशकातल्या अभ्यासांत पडद्यावरचे वाचन कागदापेक्षा वीस ते तीस टक्के सावकाश होते, असे वारंवार आढळत होते. दोष पडद्याचा की अक्षराचा, हा प्रश्न आयबीएममधल्या जॉन गूल्ड यांच्या गटाने १९८७ साली बराचसा निकालात काढला. कडा मऊ केलेली, कागदावरच्यासारखी अक्षरे उजळ पार्श्वभूमीवर गडद रंगात दाखवली, तेव्हा वेगातला फरक उरला नाही. म्हणजे वाचकाला अडवत होते ते खडबडीत अक्षर.

मायक्रोसॉफ्टने १९९८ साली जाहीर केलेले क्लिअरटाइप हे तंत्र याच दिशेने गेले. एलसीडी पडद्याचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. त्या पट्ट्या वेगवेगळ्या वापरल्या तर आडव्या दिशेने बारकावा तिप्पट होतो. रोमन लिपीला यातून मोठा लाभ झाला. देवनागरीला तो अर्धाच मिळाला, कारण आपली गर्दी उभ्या दिशेने असते आणि उभ्या दिशेला हे तंत्र सुरुवातीला काही मऊपणा देत नव्हते. ती उणीव २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर आलेल्या डायरेक्टराइटने भरून काढली. जुन्या यंत्रावर किंवा जुन्या प्रोग्रॅममध्ये वेलांट्या अजूनही करवतीच्या दात्यांसारख्या दिसतात त्या त्यामुळे.

अक्षरांच्या साठवणुकीची कथा वेगळी. सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानाने डॉसच्या पडद्यावर भारतीय लिप्या आणल्या. १९९१ साली इस्की हे भारतीय प्रमाण ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. बाजार मात्र आपल्या वाटेने गेला. पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे योगेश आणि सुरेख, हिंदी पट्ट्यात कृतिदेव आणि चाणक्य अशी प्रत्येकाची वेगळी मांडणी रूढ झाली. या फॉन्टांत संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमनच असतो, फक्त रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे चितारलेले असतात. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. पावर हाउसच्या दुकानांत कृतिदेव टिकून आहे, कारण हिंदी टंकलेखनाच्या वर्गांत शिकवला जाणारा रेमिंग्टनचा कळफलक त्याने जसाच्या तसा स्वीकारला. बोटांची सवय वाचकाच्या सोयीपेक्षा बळकट ठरली. वाचकाच्या बाजूने पाहिले तर तुकड्यांनी जुळवलेल्या या अक्षरांत मात्रा ठरावीक जागीच बसते, खालचे अक्षर रुंद असो की अरुंद, आणि छोट्या आकारात ती शेजारच्या अक्षराला चिकटते.

पडद्यासाठी घडवलेली युनिकोड देवनागरी सर्वसामान्य विंडोजमध्ये आली ती २००० साली, मंगल या नावाने. ती घडवणारे रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे र. कृ. जोशी, जाहिरात क्षेत्रातून आयआयटी मुंबईत शिकवायला आलेले अक्षरकार आणि मराठी कवी. मंगलला सुबक म्हणणारे थोडे असतील, पण नव्वद-शंभर ठिपक्यांच्या इंचावर ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे दाखवण्याचे काम त्याने केले. विंडोज एक्सपीवर भारतीय लिप्यांचा आधार वेगळा चालू करावा लागे. तो बंद असला की वेलांट्या पुढे-मागे होत, जोडाक्षरे फुटत आणि दोष मंगलच्या माथी येई.

कोणता फॉन्ट?

रोमन लिपीतला सर्वांत जुना वाद टोकांना शेपट्या असलेली अक्षरे बरी की बिनशेपटीची, हा आहे. ओले लुंड यांनी १९९९ साली शंभर वर्षांचे प्रयोग तपासले आणि त्यांतून कोणत्याही बाजूचा विश्वासार्ह निकाल निघत नाही असे दाखवले. एरीज आर्डिटी आणि जिआना चो यांनी २००५ मध्ये फक्त शेपट्यांपुरताच फरक असलेली अक्षरे घडवून चाचणी घेतली. वाचनात फरक सापडला नाही. मॅथ्यू कार्टर यांनी १९९६ साली खास पडद्यासाठी घडवलेले जॉर्जिया आणि व्हर्डाना हे दोन फॉन्ट या वादाच्या दोन बाजूंचे आहेत, आणि दोन्ही वाचनीय ठरले. दोघांत समान काय, तर मुख्य अंग उंच, पोकळ्या मोकळ्या आणि अक्षरांत पुरेसे अंतर. याच कार्टर यांनी १९७०च्या दशकात लायनोटाइपसाठी देवनागरीही घडवली होती.

अलीकडचा लक्षणीय अभ्यास शॉन वॉलेस आणि सहकाऱ्यांचा, २०२२ सालचा. ३५२ जणांना सोळा फॉन्टांत वाचायला दिले. प्रत्येकाचा सर्वांत वेगवान आणि सर्वांत सावकाश फॉन्ट यांत सरासरी पस्तीस टक्क्यांचा फरक निघाला, तोही आकलन न घटता. मात्र सगळ्यांसाठी एकच विजेता नव्हता, आणि ज्याला जो फॉन्ट आवडला तो त्याच्यासाठी सर्वांत वेगवान असेलच असेही नव्हते. ‘मला हाच बरा वाटतो’ हे मत म्हणूनच शेवटचा पुरावा नव्हे.

उलट दिशेचा दावाही झाला. अवघड फॉन्टमुळे वाचक थांबून वाचतो आणि लक्षात अधिक राहते, असे २०११च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. त्या विचारावर मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठात २०१८ साली सान्स फर्गेटिका हा तुटक अक्षरांचा फॉन्ट निघाला. पुढच्या चाचण्यांत त्याचा स्मरणाला उपयोग दिसला नाही. वाचकाला त्रास देऊन शिकवण्याची कल्पना इथेच सोडलेली बरी.

देवनागरीत आज निवडीला वाव आहे. विंडोजवर निर्मला यूआय, ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी. मुंबईच्या एक टाइप या गटाचा मुक्ता, इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्स विनामूल्य मिळतात. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा आणि यशोवेणू उपलब्ध केले. लांब मजकुरासाठी जाड-बारीक रेघांचे, पुस्तकी वळण हवे असेल तर टिरो देवनागरी मराठी आहे. जाड-बारीक फरक फार असलेली वळणे कागदावर शोभतात. कमी ठिपक्यांच्या पडद्यावर त्यांची बारीक रेघ करडी होऊन विरते. तिथे एकसारख्या जाडीचा मुक्ता किंवा नोटो सोसतो. एक टाइपचेच बालू आणि मोदक शीर्षकांसाठी आहेत. मोदकमध्ये चार ओळी वाचवणार नाहीत आणि त्याने तसे वचनही दिलेले नाही.

हिंदी वळण, मराठी वळण

पावर हाउसच्या मराठी वाचकाचा प्रश्न पुण्याच्या वाचकाहून थोडा निराळा आहे. त्याची शाळा हिंदी, घर मराठी. छत्तीसगडात ही सरमिसळ जुनी. मराठी घरात जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. छापील अक्षरांची देवाणघेवाणही दोन्ही बाजूंनी झाली. मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्याची हिंदी-संस्कृत पुस्तके उत्तरेत पोचली, आणि प्रमाण हिंदीने अ, झ, ण यांची मुंबई वळणे स्वीकारली. ल आणि श मात्र वेगळे राहिले.

युनिकोडमध्ये ल एकच आहे. त्याचे रूप मराठी ठेवायचे की हिंदी, हे फॉन्ट आणि मजकुराची जाहीर केलेली भाषा मिळून ठरवतात. बहुतेक फॉन्टांत मूळ रूप हिंदी असते. पानाची भाषा मराठी असल्याची खूण केली आणि फॉन्टमध्ये सोय असली तर पाकळीचा ल उमटतो. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीची प्रमाण वर्णमाला जाहीर केली तीत या रूपांचा आग्रह आहे. वाचनाच्या दृष्टीने पाहिले तर वाचक सरावाचे रूप सहज वाचतो. भिलाईत वाढलेल्याला हिंदी ल अडत नाही, सातारकराच्या नजरेला तो क्षणभर टोचतो. ही अस्मितेची बाब म्हणून महत्त्वाची असेल. वेगाच्या हिशेबात तिचे वजन थोडे.

अर्ध्या र-ची गोष्ट मात्र गंभीर आहे. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर अर्थच बदलतो. हिंदीपुरत्या घडवलेल्या फॉन्टांत आणि कळफलकांत ही चूक सर्रास होते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या फॉन्टांत त्या जागी रिकामा चौकोन दिसतो. फॉन्ट मराठी वाचनाला योग्य आहे का, हे पाहायला ‘दऱ्याखोऱ्यांतल्या ॲल्युमिनियमच्या वस्तू’ एवढा मजकूर टंकित करून बघणे पुरते.

ओळ, रंग आणि पान

तिन्ही मजल्यांना श्वास घ्यायला ओळींत अंतर हवे. वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत वाचकाने ओळींचे अंतर अक्षराच्या दीडपट केले तरी पान मोडू नये अशी अट आहे. रोमनला दीडपट पुरते. देवनागरीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी समोरासमोर येतात, म्हणून १.६ ते १.८ पट ठेवलेले बरे. ओळ किती लांब असावी, यावर मेरी डायसन आणि मार्क हेझलग्रोव्ह यांच्या २००१च्या प्रयोगात पडद्यावर सुमारे ५५ रोमन अक्षरांची ओळ आकलनाला सोयीची ठरली. मराठीत साधारण आठ-दहा शब्दांची ओळ धरावी. रुंद पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला मजकूर वाचताना पुढची ओळ चुकते, ते फॉन्टमुळे नव्हे.

रंगाच्या बाबतीत त्याच निकषांनी साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ असा उजळपणाचा फरक सांगितला आहे. हल्ली आवडीने वापरली जाणारी फिकट करडी अक्षरे अनेकदा यात बसत नाहीत. काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांनी डोळ्यांना आराम मिळतो हा समज सरसकट खरा नाही. डुसेलडॉर्फमधल्या कोझिमा पीपेनब्रॉक आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली तरुण आणि वयस्क दोघांतही उजळ पार्श्वभूमीवरचे गडद अक्षर सरस असल्याचे दाखवले. अंधाऱ्या खोलीत चकाकी टाळायला काळा पडदा वापरावा, लांब वाचनाला नव्हे.

उरला ई-पेपर. वृत्तपत्राचे मोठे पान साधारण अर्धा मीटर उंच असते, १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा १९ सेंटिमीटर. पूर्ण पान पडद्यावर बसवले की नऊ-दहा पॉइंटचा मजकूर साडेतीन-चार पॉइंटवर येतो. तो कोणत्याही फॉन्टमध्ये वाचता येणार नाही. मोठे केले तर पान आडवे-उभे सरकवत बसावे लागते. पीडीएफ आणि पानाची चित्रे ही पानाची छबी जपतात, वाचकाची सोय नव्हे. त्याच वृत्तपत्राचे युनिकोड संकेतस्थळ असेल तर बातमी तिथे वाचावी, कारण तिथे अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात.

निर्णय

या सगळ्या पुराव्याचा सारांश थोडक्यात मांडता येतो. आकार ठरावीक मर्यादेखाली गेला की कोणताही फॉन्ट वाचवू शकत नाही. आकार पुरेसा असला की नीट घडवलेल्या फॉन्टांतला सरासरी फरक थोडा राहतो, आणि जो राहतो तो माणसागणिक बदलतो. देवनागरीला रोमनपेक्षा मोठा आकार आणि मोकळी ओळ लागते. पडद्यावरची पाने बहुतांशी रोमनच्या मापाने आखली जातात, म्हणून मराठी वाचकाच्या वाट्याला मुळातच काठावरचे अक्षर येते.

संकेतस्थळे, वृत्तपत्रे आणि कार्यालये यांच्याकडे तीन मागण्या कराव्यात: मराठी मजकूर अठरा पिक्सेलांच्या खाली नेऊ नका, पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा, आणि पत्रके, परिपत्रके कृतिदेवात किंवा चित्ररूपात न देता युनिकोडमध्ये द्या. विद्यापीठांच्या भाषाविज्ञान आणि अभिकल्प विभागांनी मराठी वाचकांवर, मराठी मजकुरावर अशा चाचण्या मोठ्या प्रमाणावर घ्याव्यात. रोमनवरून काढलेल्या अनुमानांवर किती दिवस चालायचे?

वाचकाने मात्र कोणाची वाट पाहू नये. डोळे आणि पडदा यांतले अंतर साधारण हातभर ठेवून कंट्रोल आणि अधिकची कळ एकत्र दाबावी; ‘घ’ आणि ‘ध’ डोळे न ताणता वेगळे दिसेपर्यंत अक्षर वाढवावे. तो आकार आपला. फॉन्ट कोणता, हे त्यानंतर सावकाश ठरवता येते.